गुणवंतराव सरांनी खोडलेली ओळ

सिंदेवाहीच्या कॉलेजात गुणवंतराव सरांनी एकतीस वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतरही सकाळी घरच्या ओसरीत चार पोरी शिकायला येतातच. सरांच्या वह्या जुन्या, पण त्यांतलं वाक्य चुकीचं निघेल, ही शंका सरांना कधी शिवली नाही.

दिवाळीत त्यांची जुनी विद्यार्थिनी दिव्यानी भेटायला आली. ती आता पुण्यात संशोधन करते.

"कशावर काम सुरू हाय?" सरांनी विचारलं.

"उपजत प्रतिकारशक्तीच्या स्मृतीवर, सर."

सर मोठ्यानं हसले. "तिले स्मृती नसते! मीच शिकवलं ना तुले?"

"तुमीच शिकवलं, सर. पण असते."

सरांच्या पत्नी इंदुताईंनी चहा ठेवला आणि ऐकायला तिथेच बसल्या.

दिव्यानी म्हणाली, "उपजत प्रतिकारशक्तीच्या पेशी एकेका जंतूले ओळखून ठेवत नाईत. पण मोठा संसर्ग होऊन गेला, नाईतर बीसीजीची लस टोचली, की अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींत बदल होते. काही जनुकं सहज उघडतील अशी राहतात. मग त्याईच्यापासून तयार झालेल्या नव्या पेशी पुढच्या वेळी लवकर कामाले लागतात. जंतू दुसराच असला तरी."

"किती दिवस?"

"काही महिने. कधी वर्षभर."

सरांना फट सापडली. "वर्षभरात विसरते, ते काय स्मृती म्हणावं?"

"तुमी कालची भाजी विसरता," इंदुताई म्हणाल्या, "तरी तुमाले स्मृती हाय असंच म्हणतो ना आमी?"

सर चहा न पिताच आत गेले. पण दिव्यानीनं जाताना ठेवलेला तिच्या विषयावरचा इंग्रजी लेख त्यांनी दोन दिवसांत शब्दकोश घेऊन तीनदा वाचला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोरींना वह्या उघडायला लावल्या.

"'उपजत प्रतिकारशक्तीला स्मृती नसते', हे वाक्य खोडा."

"मग पेपरात काय लिहू, सर?" नंदिनीनं विचारलं.

पुस्तकात तर अजून तेच छापलेलं. चष्मा पुसून सर म्हणाले, "पुस्तकातलं लिहा. खाली लिहा, नवं संशोधन वेगळं सांगते."

नंदिनीनं कॉलेजच्या सराव परीक्षेत तसंच लिहिलं, शिवाय 'असे गुणवंतराव सर म्हणतात' हेही जोडलं. तो पेपर पाहून प्राचार्यांनी सरांना फोन करून कॉलेजात बोलावलं. सर इस्त्रीचा शर्ट घालून, लेख बगलेत मारून निघाले.

"भांडू नका," इंदुताई म्हणाल्या.

"भांडत नाई. शिकवाले चाललो," सर म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांची चाल पंचविशीतल्या मास्तरासारखी दिसली.