छप्पन ब्लॉकांचं गौलीगुडा

सूर्यभान सोनकांबळे आमच्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या बगलेत कागदाची गुंडाळी होती आणि शर्टाच्या खिशात स्टीलची फूटपट्टी. सुलतान बाजारात आमचं दुकान म्हणजे सात फुटी बोळ आहे. तिथं आम्ही टी-शर्टवर फोटो छापतो, पत्रिका करतो, झेरॉक्स काढतो. कम्प्युटर मी चालवतो. देगलूरच्या मराठी शाळेत दहावीला चित्रकलेत नापास होता होता राहिलेला माणूस इथं डिझायनर म्हणवला जातो, त्याला देगलूरवाले जबाबदार नाहीत.

"मराठी लिहिता येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"म्हणजे इथला नाहीस. नाव?"

"विकी."

"हे नाव झालं? असो. गोधडीचा नकाशा काढायचाय."

मला वाटलं म्हाताऱ्याची गल्ली चुकली. मी म्हणालो, "काका, गोधडी शिवतात. नकाशा कशाला?"

त्यांनी गुंडाळी उलगडली. आलेखाच्या कागदावर पेन्सिलनं छोटे छोटे चौकोन भरले होते आणि त्यातून बाजारापलीकडची गौलीगुडा वस्ती दिसत होती. बस अड्डा, विहाराचा कोपरा, अफझलगंजचं ग्रंथालय, खाली मुसी नदीचा पूल. एकही रेष पुसलेली नव्हती.

चौतीस वर्षं ते एका सरकारी नकाशा कचेरीत होते. आधी ट्रेसर, मग ड्राफ्ट्समन. ट्रेसर म्हणजे जुन्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं हुबेहूब उतरवणारा. पुढे कचेरीत कम्प्युटर आले तेव्हा बरोबरीच्यांनी निवृत्तीचे दिवस मोजले, काकांनी माउस हातात घेतला. गावच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर आठ मीटर, हे ते पहिल्याच दिवशी मला दोनदा सांगून मोकळे झाले. एकदा कुणी जमीनदार शिवेची रेघ "जराशी" सरकवायला सांगत आला होता. काकांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि रेघ होती तिथंच ठेवली. त्यानंतर दोन वर्षं त्यांना रेकॉर्डच्या खोलीत बसवलं होतं.

पुढे कागद द्यायला घरी जाऊ लागलो तेव्हा बाकीचं सखूमावशींकडून कळलं. सखूमावशी म्हणजे त्यांची बायको, गौलीगुड्यात दोन खोल्यांत राहतात. एकुलता मुलगा अमरदीप विमा कंपनीत होता. दोन वर्षांमागं डेंग्यूच्या तापानं पाच दिवसांत गेला, एकतिसाव्या वर्षी. मागं बायको रूपाली आणि दोन वर्षांची निशिगंधा. त्या दिवसापासून काका 'हूं'वर आले. भाजीत मीठ कमी असलं तरी हूं, जास्त असलं तरी हूं. पण रूपालीसाठी दुसरं स्थळ त्यांनीच शोधलं. हर्षवर्धन, चाकणला कंपनीत कामाला, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. निशीसकट करायला तयार होता. सून घरातून जाणार, नात जाणार, आणि हे सगळं स्वतः फोन करकरून जमवत होते. फोनवर तेवढं बोलायचे.

"तारीख ठरली आणि यांनी तोंड उघडलं," मावशी म्हणाल्या. "म्हणले, निशीला बापाच्या कपड्याची गोधडी करून देऊ. दोन वर्षांत एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं."

कपडे म्हणजे तीन शर्ट. बाकीचे मावशींनी पहिल्याच महिन्यात वाटून टाकले होते, घरात बघवेनात म्हणून. एक निळा ऑफिसचा, एक लाल चौकड्यांचा, एक पांढरा. या तिघांत गौलीगुडा बसवायचं होतं, म्हणजे निशी मोठी झाली की तिला आपलं घर कुठं होतं ते सापडेल.

मी रजया डिझाइन करायचं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. परदेशातल्या बायका त्यात फुलं आणि चांदण्या काढतात. काका त्यात विहीर, पूल, पायवाट, शिवेचा दगड काढू लागले. रोज दुपारी जेवण झाल्यावर यायचे, माझ्या शेजारच्या स्टुलावर बसायचे. सहा इंचांचा एक ब्लॉक, त्यात एकेक इंचाचे छत्तीस तुकडे. असे छप्पन ब्लॉक. शर्ट स्कॅन करून त्यांचं कापडही आत घेतलं, त्यामुळे पडद्यावर अमरदीपच्या शर्टांचीच गल्ली दिसायची.

"काका, मुसी पांढरी? मुसीनं पाहिलं तर लाजेल."

"शाईचा रंग सांगू नको मला. पाणी पांढरं सोडायचं, असा नियम आहे."

"आणि आमचं दुकान?"

"नकाशात कायमस्वरूपी बांधकाम दाखवतात."

असे टोमणे मारायला लागले होते. एकदा तर पुलावर म्हैस हवी का, असं मी विचारलं तर माणूस हसला. मावशींना सांगितलं, त्यांना खरं वाटेना.

शेवटी सॉफ्टवेअरनं विचारलं, शिवणीसाठी मार्जिन किती सोडायचं? त्या चौकटीत आधीच पाव इंच लिहिलेलं होतं. काकांनी बाजूचा आकडा बघितला, एवढ्याला कापड किती लागेल तो. दुपटीहून जास्त लागत होतं. तीन शर्टांत बसत नव्हतं.

"हे पाव इंच कशाचं?"

"शिवणीचं असेल काका. कापड आत जातं ना."

"रेषेला जाडी नसते. दोन शेतांच्या मधल्या रेघेत जमीन जात नाही." त्यांनी पडद्यावरच्या चौकटीवर बोट ठेवलं. "शून्य टाक."

मी म्हणालो, "मावशींना विचारू का?"

"शून्य टाक रे."

टाकलं. आकडा खाली आला. त्यांनी फूटपट्टीनं स्कॅन केलेले शर्ट परत मोजले, कागदावर बेरीज केली आणि म्हणाले, "बसतंय. बरोबर बसतंय." चौतीस वर्षांत कुणासाठी रेघ न हलवलेला माणूस स्वतःसाठी पाव इंच पुसत होता आणि मी माउस हलवत होतो. तेव्हा यातलं काही मला कळलं, असं म्हणणार नाही. मला फक्त पलीकडच्या गिऱ्हाइकाच्या पत्रिका द्यायची घाई होती. साडीचं कापड मिसळू या, हे मात्र मी सुचवून बघितलं. "सगळं त्याचंच पाहिजे," म्हणाले, आणि विषय संपला.

लग्नाला सोळा दिवस असताना मी शेवटचे कागद द्यायला त्यांच्या घरी गेलो. सगळे शर्ट कापून झाले होते. पलंगावर वर्तमानपत्र पसरून त्यावर दोन हजार सोळा तुकडे रंगवार लावलेले. पांढऱ्याची एक कॉलर, तिघांच्या बटणपट्ट्या, एवढंच शिल्लक होतं. मावशी मशीनवर पहिला ब्लॉक जोडून त्याच्या बाहेरच्या कडा दुमडत होत्या. निशी खाली बसून बटणं दोऱ्यात ओवत होती.

मावशींनी ब्लॉक काढून काकांच्या हातात दिला. काकांनी खिशातून फूटपट्टी काढली, लावली. फिरवून दुसऱ्या बाजूनं लावली.

"तीन," ते म्हणाले.

सहाचा तीन झाला होता. प्रत्येक तुकड्याची चारी बाजूंनी पाव पाव इंच कड शिवणीत गेली होती आणि इंचाचा अर्धा इंच उरला होता. चार फुटांची गोधडी दोन फुटांवर येणार. निशी चार वर्षांची. तिचं पोट झाकलं असतं फार तर.

मशीन थांबल्यावर खोलीत फक्त निशीच्या बटणांचा आवाज येत होता. मी म्हणालो, "काका, चूक माझी आहे, मी—"

"तू ऑपरेटर आहेस," ते म्हणाले. "सही माझी असते."

आता दोनच रस्ते होते. ते मावशींनी मांडले, काकांकडे न बघता. "बारकी करायची असली तर पक्की होती. दहा वर्सं काय होत नाही तिला. मोठीच पाहिजे असली तर एका जुन्या साडीवर हे तुकडे नुस्ते ठेवायचे आणि वरून धावता टाका घालायचा. पण इंचात दुमडायला कुठंय? कडा उघड्या राहतील. एकदा धुतली की सुटली."

"धुवायची नाही," काका म्हणाले.

"पोराचं पांघरूण हाय ते."

"रूपालीला सांगू. धुवायची नाही."

"बारकी करू या की. जवळ घेऊन झोपंल."

"बारक्यात घर दिसत नाही," काका म्हणाले.  मावशींनी उठून ट्रंकेतली पांढरी साडी काढली.

पंधरा दिवस दोघं जमिनीवर होते. काका मैद्याची खळ करून चिमट्यानं एकेक तुकडा जागेवर चिकटवायचे, जुनी ट्रेसरची बोटं, केसभर हलू द्यायचे नाहीत. मागून मावशी टाका घालत यायच्या. मी दुपारी जाऊन सुया ओवून द्यायचो. एकदा काका बाहेर गेले असताना मी विचारलं, "मावशी, तुम्हाला कापताना कळलं नव्हतं का?"

"कळलं होतं की. पयलाच तुकडा कापला तवा कळलं."

"मग?"

"एकदा मी म्हणले, शिवणीत दाबाला जागा नाही दिसत. तर हे म्हणले, कागदाबरहुकूम काप." त्यांनी दातानं दोरा तोडला. "दुसऱ्यांदा मी म्हणले असते तर त्यांनी पुन्हा तोंड मिटलं असतं, विकी. दोन वर्सांनी माणूस बोलत होतं घरात."

लग्नाच्या आदल्या दिवशी गोधडी झाली. चार फूट बाय साडेतीन, फूटपट्टीला बरोबर. खरं सांगतो, सुंदर दिसत होती. निळ्या गल्ल्या, लाल चौकड्यांचे मोठे रस्ते, खाली पांढरी मुसी, आणि बस अड्ड्याच्या मागं निळ्यात एकटाच लाल तुकडा. निशीला तो बोटानं दाखवता यायचा. "आपलं घर," म्हणायची आणि त्याच्यावर बसायची.

विहारात लग्न लागलं. साधंच, तासाभरात. निघताना काकांनी रूपालीला एखादा सरकारी दस्तऐवज सोपवावा तशी गोधडी दिली. घडी घालू नको, गुंडाळी कर. दुमडीवर कापड मोडतं. पाण्यापासून लांब ठेव.

"हो मामा," रूपाली म्हणाली. त्यांच्यात सासऱ्याला मामा म्हणतात. हर्षवर्धननं वाकून नमस्कार केला. माणूस बरा वाटला मला, वाईट वाटला असता तर सोयीचं झालं असतं.

नंतरचे तीन आठवडे काका दुकानात येत राहिले. नवीन फाईल उघडली होती, मावशींच्या माहेरचं गाव. तुकडे तीन इंचांचे, मार्जिन अर्धा इंच. "सावकारासारखं मार्जिन आहे काका," मी म्हणालो. "गप बस," म्हणाले.

तिथंच त्यांना रूपालीचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना तो घेता येत नाही, म्हणून मी फोन कीबोर्डला टेकवून उभा केला.

"मामा, तुम्ही रागावणार," रूपाली म्हणाली.

"बोल."

"निशी रोज अंथरुणात करते. तिकडं करत नव्हती, तुम्हाला माहितीय. इथं आल्यापासून रोज. मी तीनदा नुसती उन्हात टाकली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण खोलीभर वास येत होता. मग काल हातानं धुतली. बादलीत. जोर नाही लावला मामा, खरंच."

काकांनी चष्मा वर केला. "दाखव."

तिनं दोन्ही हातांनी धरून दाखवली. पांढरी साडी होती आणि तिच्यावर मावशींचे टाके, चौकोनांमागे चौकोन, सगळे रिकामे. कुठं कुठं निळी दशी लटकत होती. काकांनी पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"कुठला भाग राहिलाय?"

"मला त्यातलं कळत नाही मामा."

"घराचा लाल तुकडा बघ. बस अड्ड्याच्या मागं."

ती बघत राहिली. "काही नाही तिथं," म्हणाली.

"निशी काय म्हणाली?"

रूपालीनं गोधडी खाली घेतली. "काही नाही. दुसरं पांघरूण दिलं, झोपली. मामा, आता नवीन काही करून पाठवू नका. तिला नीट रुळू द्या. पहिल्यांदा रात्री सारखं आपलं घर कुठंय विचारायची. आता विचारत नाही."

मागं कुणीतरी तिला हाक मारली. काका म्हणाले, "बरं केलंस धुतलीस. ओलं लेकराला बाधतं." मग मला म्हणाले, "बंद कर," आणि चप्पल घालून निघून गेले. फूटपट्टी टेबलावरच राहिली. मी हाक मारली, पण त्यांनी वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. चौथ्या दिवशी सखूमावशी आल्या. त्या दुकानात पहिल्यांदाच येत होत्या. स्टुलावर बसल्या, पडद्याकडे बघितलं, त्यावर कुणाच्या तरी बारशाचं कार्ड होतं.

"बोलतात का?" मी विचारलं.

"हूं म्हणतात."

पदरानं त्यांनी टेबलावरची धूळ पुसली. "विकी, तुझ्या यात अजून काय काढता येतं का? काय बी असू दे. फक्त कापड नको लागायला."

"येतं की," मी म्हणालो. "उद्या पाठवा काकांना."

त्याला आज अकरा दिवस झाले. फूटपट्टी अजून टेबलावरच आहे.