अडकलेला गुडघा

गुडघ्याला तेल चोळायला बसलं, की त्या वासासरशी मला ठाण्यातलं आमचं नकाशांचं ऑफिस आठवतं. पन्नासच्या दशकात मी तिथे नकाशे कापडावर उतरवून काढणारा नवा ट्रेसर होतो, अजून कायम झालो नव्हतो. जेवणाच्या सुट्टीत मी सरकारी ट्रेसिंग कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर चार मजली उंचीचा लोखंडी योद्धा काढत असे. खांदे पुलाच्या गर्डरचे, छातीत इंजिनाचा बॉयलर, आणि कोपऱ्यात कामाचं नाव लिहितात तिथे त्याचा इतिहास: दोन लढाया जिंकला, तिसरीत ऐन रणांगणात गुडघा अडकून एक पाय उचललेला तसाच उभा राहिला, आणि आता हा कोणावर पडतो या भीतीने दोन्ही सैन्यं घरी गेली. एके दिवशी शिपायाने टेबलावरच्या सगळ्या गुंडाळ्या सहीसाठी साहेबांकडे नेल्या, त्यात हाही गेला. बोलावणं आलं तेव्हा नोकरी गेलीच असं धरून मी आत शिरलो. साहेब लाल पेन्सिलीने योद्ध्याच्या गुडघ्याभोवती गोल करत होते. “इथे वंगणाला भोकच ठेवलेलं नाही तुम्ही. अडकणारच.” “आत्ता काढून देतो, साहेब,” मी म्हणालो. त्यांनी कोपऱ्यातला इतिहास पुन्हा एकदा वाचला आणि कापड गुंडाळून माझ्या हातात दिलं. “नको. अडकलेलाच बरा आहे. जा, पुलाचा नकाशा आणा.” बाहेर आल्यावर मी माठातलं तीन पेले पाणी प्यायलो आणि अर्धा राहिलेला पुलाचा नकाशा पुरा करायला बसलो. ते कापड अजून माझ्या ट्रंकेत आहे. तेलाची वाटी हातात असते, पण त्याच्या गुडघ्याला मी आजवर हात लावलेला नाही.