वाळूजच्या बसमधलं मोबाईलपुराण

कंपनीच्या बसमध्ये किस्से साठतात कसे, सांगू का? हर्सूलहून वाळूजला जायला आमच्या बसला तासभर लागतो. पूर्वी त्या तासात लोक मस्त घोरायचे. आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल, आणि मोबाईल आला की तक्रार आलीच! मी वेल्डिंगला आहे. खिडकीजवळची सीट माझी ठरलेली, आणि कान मोकळे. त्यामुळं सगळं आयतं ऐकायला मिळतं.

*

आमचे रफिकभाई पेंट शॉपला. त्यांनी एक नवीन ॲप घेतलं, तर खाली आलं, 'मला अटी मान्य आहेत.' तुम्ही-आम्ही काय करतो? डोळे मिटून टिक! रफिकभाईंनी त्या अटी वाचायला घेतल्या. जाताना वाचायचे, येताना वाचायचे, चष्मा पुसून पुसून.

क्वालिटीतला देशमुख म्हणाला, "भाई, परीक्षा हाय का?"

"वालिद सांगून गेलेत, वाचल्याशिवाय दस्तखत करायचं नाय!"

आठवडाभरानं एक कलम आलं: तुमच्या फोनमधली सगळी नावं आणि नंबर आम्ही बघणार. भाईंनी ठामपणे 'मान्य नाही' दाबलं. ॲप बंद!

भाई असले भडकले! "अरे, निकाहमें दुल्हन कू भी तीन बार पूछते! इनो एक बार 'ना' बोले की दुकानच बंद करते!"

*

देशमुखचं म्हणणं, फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो. "बायकोला म्हणलं गादी बदलायची, तर लगेच गाद्यांच्या जाहिराती!" कुणी म्हणे व्हय, कुणी म्हणे नाय. मग ठरलं, फोनची परीक्षाच घेऊ. फ्लॅटात राहणाऱ्याला कधीच लागणार नाही अशी वस्तू निवडली. म्हैस!

दुसऱ्या दिवशी अख्खी बस फोन तोंडापुढं धरून ओरडतेय, "मला म्हैस घ्यायचीय! मुऱ्हाच पाहिजे! दुधाला लई चांगली पाहिजे!"

दोन दिवस वाट बघितली. एका फोनवर म्हशीची जाहिरात येईल तर शपथ. तिसऱ्या दिवशी आमचा ड्रायव्हर आसाराम यानं बस कडेला घेतली आणि मागं वळून म्हणाला, "माझा साडू आलाय फुलंब्रीहून. टेम्पोत दोन म्हशी घालून आणल्यात. कोण कोण घेणार, खाली उतरा!"

देशमुख वाकून बराच वेळ बुटाची लेस बांधत बसला.

*

माझं स्वतःचं ऐका. एका वेबसाईटवर फॉर्म भरत होतो, तर चौकट आली, 'मी रोबोट नाही.' त्यावर टिक करा. नंतर म्हणे चित्रातले सिग्नल ओळखा. एक चुकला, पुन्हा पहिल्यापासून! रफिकभाई शेजारून बघत होते. म्हणाले, "तुमच्या लाईनवर खराखुरा रोबोट उभा हाय. त्याला कधी कुणी इचारलं का?"

*

माझी सासुरवाडी कन्नडच्या पुढं, घाटाजवळ. तिथं रेंज म्हणजे देवाचं नाव. मेव्हणा इकडं आला होता तेव्हा त्यानं माझ्यासमोर कस्टमर केअरला तक्रार नोंदवली आणि गावी गेला. पुढं तो बाजारासाठी कन्नडला आला, तेव्हा त्याच्या फोनवर मेसेज पडला: 'आम्ही आपल्याशी संपर्क करण्याचा प्रयत्न केला. आपला फोन नेटवर्कच्या बाहेर असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.'

त्यानं मला फोन लावला. मी तावातावानं बोलायला लागलो, तर हा शांत. म्हणाला, "पाव्हणं, चिडू नका. रेंज नाय, एवढं तरी त्यांना पटलं का नाय?"

*

आता नामदेवचं सांगतो. नामदेव माझ्याच लाईनवर, अजून टेम्पररी. त्याला कायम करायची फाईल वर गेलेली. सुट्ट्या मात्र वडलांच्या, म्हणजे अण्णांच्या, आजारपणात आणि पुढं त्यांच्या दिवसांत सगळ्या संपल्या. आता एक खाडा पडला तरी फाईल परत येणार, हे साहेबांनी स्पष्ट सांगितलेलं.

तेरावं उरकून तो कामावर आला. डोकं सफाचट, आणि त्या भरघोस मिशाही उतरवलेल्या. बाप गेला की आमच्यात तसंच करतात. बसमध्ये आम्हीच क्षणभर ओळखलं नाही, तर गेटवरचं हजेरीचं मशीन काय ओळखणार? समोर उभा राहिला की एकच: 'चेहरा जुळत नाही.'

एचआरच्या मॅडम धावत आल्या. म्हणाल्या, नवा फोटो नोंदवू. नवा फोटो घेताना समोर जिवंत माणूसच आहे ना, याची ते मशीन खात्री करून घेतं. आतून बाईचा आवाज आला, "डोळे मिटा." त्यानं मिटले. "मान वळवा." वळवली. "आता हसा."

नामदेव तसाच उभा.

"आता हसा." त्यानं ओठ ताणून बघितले. "कृपया हसा."

मॅडमचेही डोळे भरून आले. "मी हातानं लावली असती हो हजेरी, पण सिस्टीम मला करूच देत नाही." भोंगा व्हायला आलेला. मला तर वाटलं, हातातलं हेल्मेट त्या मशीनच्या टाळक्यात घालावं!

तेवढ्यात रफिकभाई पुढं झाले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नामदेव, अण्णांचा पयला व्हिडिओ कॉल याद हाय का? बसमध्येच आलता. काय म्हणले होते ते?"

नामदेव हळूच म्हणाला, "म्हणले, 'नाम्या, मला तुझ्यासंग घरचं बोलायचंय. पण ह्या फोनात खाली कोपऱ्यात एक म्हातारा बसलाय, तो कव्हाचा माझ्याकडंच बघतोय. त्याला आधी उठव!'"

आणि हसला की हो! डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि पठ्ठ्या खो खो हसतोय!

"धन्यवाद. हजेरी लागली," मशीन म्हणालं.

परवा मॅडम गेटवर भेटल्या. नामदेवच्या मिशा आता पुन्हा पहिल्यासारख्या झाल्यात; रोज जराजरा वाढल्या, त्यामुळं मशीननं या वेळी कुरकुर केली नाही. मॅडम म्हणाल्या, "त्या फोटोत तुम्ही रडताय हो. रोज सकाळी तोच स्क्रीनवर येतो. आता नवा काढू या का?"

"ऱ्हाऊ द्या मॅडम," नामदेव म्हणाला. "त्यात मी अण्णासंग बोलतोय."