एका हाताने उघडणारा चाकू

मैत्रिणींनो, आज आम्ही दोघं सालेकशाहून गोंदियाला गेलो होतो, ह्यांच्यासाठी घडीचा चाकू घ्यायला.

ह्यांच्या खिशात चाकू कायम असायचा. सुतळी कापायला, आंबा चिरायला. लकव्याने डावा हात गेला, तेव्हापासून जुना चाकू उघडता येत नाही. मी उघडून दिलेला ह्यांना चालत नाही.

दुकानदाराने बरेच चाकू समोर ठेवले. हे एकेक उचलून अंगठ्याने पातं काढायला बघत होते. एक हातातून खाली पडला.

"भैया, दोनों हाथ लगाइए ना," दुकानदार म्हणाला.

"लकवा मारा है. एक ही हाथ चलता है," मी म्हणाले.

हे माझ्यावरच चिडले. "तू काऊन सांगून राहिली त्याले?"

मग दुकानदार आतून पात्यावर बारीक गुंडी असलेला चाकू घेऊन आला. ह्यांनी अंगठ्याने गुंडी ढकलली आणि पातं उघडलं. मांडीला टेकवून मिटवलंही.

परतताना गाडीत ह्यांनी पेरू कापायला घेतला. तो घरंगळत होता, म्हणून मी डब्याच्या झाकणावर धरून ठेवला. हे कापत गेले.

लेक फोनवर म्हणाली, "आई, किती छान झालं!"

झालंच. पण मला ना आनंद झाला, ना रडू आलं. पेरूची चवसुद्धा लागली नाही. घरी येऊन भात मांडला.

तुमच्यापैकी कोणी घरातलं असं आजारपण काढलंय का? हे सुन्नपण हळूहळू निघून जातं का हो?