शिक्केवाल्याचा हेवा

हाफिजा शिकलगार पन्हाळ्याच्या शाळेत इतिहास शिकवायची, मी गणित. कोल्हापूरहून रोज एकाच एसटीनं जाता-येता आमची मैत्री झाली. तिच्या वडिलांची ही हकीकत मला आधी तिनं सांगितली आणि पुढं खुद्द वडिलांनीही. फरक एवढाच की ती म्हणायची, "अब्बा तेव्हा रागावले होते." आणि ते म्हणायचे, "राग कसला! जळत हुतो मी. पोटच्या पोरीवर."

लालासाब शिकलगार, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, शिवाजी पेठेत शिक्के करायचे. सरपंचांचे, सोसायट्यांचे, मुख्याध्यापकांचे रबरी शिक्के आणि लाखेवर उठवायचे पितळी. दुकान म्हणजे एकानं बसावं आणि गिऱ्हाइकानं रस्त्यावर उभं राहावं एवढी जागा. शिक्षण चौथीपर्यंत. पण अक्षर उलटं कोरावं तर त्यांनीच. मजकूर सुलटा वाचायला त्यांना वेळ लागायचा, आरशातला मात्र झरझर वाचायचे.

सहासष्ट साली त्यांच्या दुकानापुढं इंगवले सर येऊन उभे राहिले. सयाजीराव इंगवले कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवायचे. त्यांच्या हातात फोटोंचं पाकीट होतं.

"मुलांना पुस्तकातली चित्रं दाखवून कंटाळलो," सर म्हणाले. "हातात धरता येतील असे शिक्के करून द्याल?"

"कुठल्या गावचं हायत ह्ये?"

"मोहेंजोदडोचे. चार हजार वर्षांहून जुने."

चाचांनी डोळ्याला भिंग लावलं आणि फोटो उजेडाकडं धरला. फोटोत वशिंडाचा बैल होता. गळ्याखालची कातड्याची पोळी वळीवळीनं लोंबत होती आणि वर पाच-सहा खुणांची एक ओळ. शेवटी भिंग काढून ते म्हणाले, "ह्यो माणूस माज्यापेक्षा भारी हाय, सर."

ते काम त्यांनी शंखजिऱ्याच्या मऊ दगडात केलं. पहिला शिक्का करायला तीन आठवडे लागले. दुकानातली कामं खोळंबली, गिऱ्हाइकं बोलून गेली. शिक्का द्यायला गेले तेव्हा ते सरांना म्हणाले, "सर, ह्यो लिहिणारा उजवीकडनं डावीकडं लिवत गेलाय, आमच्या कुराणासारखं. बगा की, शेवटाला जागा पुरली न्हाई म्हणून खुणा दाटीनं बसवल्यात."

सर खूश झाले. "अगदी बरोबर! बऱ्याच विद्वानांचं तेच मत आहे. त्यांनी लिहून ठेवलंय."

चाचांचा चेहरा पडला. आपल्याआधी कुणीतरी हे बघितलं होतं, आणि तो माणूस पुस्तकात जाऊन बसला होता. त्यांनी ते पुस्तक मागून घेतलं. पुस्तक इंग्रजीत. मग घरी हाफिजाला हाक गेली. ती तेव्हा नववीत होती.

दर रविवारी सकाळी बापलेक पुस्तक घेऊन बसायची. ती अडखळत वाचायची, डिक्शनरी बघून मराठीत सांगायची. चाचा हाताखालचं काम थांबवून ऐकायचे. भाजलेल्या विटांची गटारं, इजिप्तच्या थडग्यांमधली चित्रं, सुमेरमध्ये ओल्या मातीच्या पाटीवर बोरूनं उठवलेली पाचरीसारखी अक्षरं. वाचण्याचं काम तिचं, समजावण्याचं चाचांचं. "मातीवर रेघ वढली तर कड फुटती," ते म्हणायचे. "म्हणून त्यांनी दाबून लिवलं. साधी गोष्ट हाय." ती साधी गोष्ट हाफिजा वहीत उतरवून घ्यायची. चाचा म्हणायचे, त्या दोन वर्षांसारखे दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत.

मॅट्रिक होऊन ती कॉलेजात गेली, इंगवले सरांच्याच वर्गात. शिक्के द्यायला चाचा सरांच्या घरी जायचे तेव्हा तीही बरोबर असायची. हळूहळू सर तिच्याशीच बोलू लागले. "हाफिजा, तुझं काय मत?" असं विचारायचे. ती इंग्रजी नावं घेत उत्तर द्यायची. चाचांना चहा यायचा, बशीत दोन बिस्किटं यायची, आणि सर म्हणायचे, "वा लालासाब, काय हात आहे!" हाताचं कौतुक व्हायचं. मत कुणी विचारायचं नाही.

चाचा घरात चिडचिड करू लागले. भाकरी करपली, दिवा उगीच जळतोय, पोरगी कामाला हात लावत नाही. पेठ वडगावहून कुतुबुद्दीन म्हणून ओळखीच्या माणसानं आपल्या मुलासाठी विचारणा केली होती, तर त्याला होकार कळवून टाकू म्हणाले. त्यांची बायको नजीरा भाजी निवडत बसली होती. तिनं मानही वर केली नाही.

"पयलं म्हणत हुता, पोरगी लई शिकू दे. आता काय झालं?"

"वय झालं तिचं."

"वय न्हाई झालं. तुमास्नी हेवा वाटाय लागलाय."

चाचा ताडकन उठून दुकानात गेले आणि दिवसभर घरी आले नाहीत. होकार मात्र कळवला नाही.

सत्तर सालच्या जानेवारीत कॉलेजात प्राचीन संस्कृतींचं प्रदर्शन भरायचं ठरलं. पुण्याहून दोन विद्वान यायचे होते. चाचांचे सहा शिक्के मांडायचे आणि हाफिजानं पाहुण्यांसमोर ते शाडूत उठवून दाखवायचे, असा बेत होता. बैलाच्या जुन्या शिक्क्याची कड उडाली होती म्हणून सरांनी तो नवा करायला सांगितला. हाफिजा घरी बसून माहितीचे तक्ते लिहीत होती. सुंदर अक्षर होतं तिचं. एका तक्त्याखाली लिहिलं होतं, 'लेखन: कु. हाफिजा शिकलगार'. आणि त्याखाली, 'प्रतिकृती: स्थानिक कारागिराकडून'.

चाचांनी ती ओळ दोनदा वाचली.

"ह्ये कुणी सांगितलं लिवायला?"

"सरांनी मजकूर दिला, अब्बा. तसाच उतरवलाय," ती मान खाली घालूनच म्हणाली. शाई वाळायच्या आत तिला पुढची ओळ घ्यायची होती.

चाचा दुकानात गेले. फोटोत शिक्का नव्हता, त्याचा ठसा होता. ठसा सुलटा यायचा तर शिक्का उलटा कोरायला हवा. तीस वर्षं ते हेच करत आले होते. त्या दिवशी त्यांनी समजून उमजून बैल जसा फोटोत होता तसाच कोरला. खुणासुद्धा तशाच. म्हणजे मातीवर सगळं विरुद्ध बाजूला तोंड करून उठणार. पाहुण्यांसमोर पोरगी तोंडावर पडणार, आणि मग सगळ्यांना कळणार की कारागीर म्हणजे काय चीज आहे.

प्रदर्शनात चाचा मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. हाफिजानं शाडूचा गोळा थापला, शिक्का दाबला, उचलला.  ती बोलू लागली. हा वशिंडाचा बैल, हे वरचं लेखन, ते अजून कुणाला वाचता आलेलं नाही. पुण्याचे पाहुणे वाकून बघत होते. एकानं टिपण घेतलं. फोटोग्राफरनं फोटो काढला. इंगवले सर कौतुकानं मान हलवत होते. टाळ्या पडल्या.

कुणालाही काही कळलं नाही.

"आधी लई बरं वाटलं," चाचा मला म्हणाले. "एवढं शिकल्यालं, आन् एकाला दिसलं न्हाई! मग घराकडं चालत येताना मनात आलं. उलटं कोरल्यालं जर कळत न्हाई, तर चार वर्सं मी सुलटं कोरलं ते तरी कुणाला कळलं आसंल?"

तिसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. नजीरा तो शेजारणींना दाखवून आली. चाचांना राहवलं नाही.

"तुज्या पावण्यांना इचार, बैलाचं तोंड कुणीकडं हाय."

हाफिजानं पेपर आणि पुस्तक शेजारी ठेवून बघितलं. दोन्ही बैलांची तोंडं विरुद्ध बाजूंना होती. चाचांकडून चूक होत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

"का केलंत, अब्बा?"

"स्थानिक कारागीर हाय न्हवं मी? त्याला काय कळतंय!"

ती रडली नाही, भांडलीही नाही. "नाव मी लिहायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली. सरांकडे जाऊन तिनं सांगितलं की नव्या शिक्क्यासाठी फोटोची दुसरी प्रत काढताना आपण ती उलटी छापून अब्बांना दिली होती, चूक आपली आहे. सरांनी पुण्याला पत्र लिहून दुरुस्ती कळवली.

पुढच्या रविवारी सर स्वतः दुकानापुढं आले. "लालासाब, पोरीला रागावू नका. फोटो उलटा छापला गेला तिच्याकडून, तुमचा काही दोष नाही."

शेजारच्या हॉटेलातून चहा आला. चाचांनी तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला. गप्प बसलं असतं तर सगळं निभावलं असतं. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि सांगितलं, "फोटो बरोबर हुता, सर. मी मुद्दाम केलं. माजं नाव न्हवतं म्हणून. आन् खरं सांगू? तिचं हुतं म्हणून."

इंगवले सर उठले आणि निघून गेले. तक्ता त्यांनी बदलून घेतला, त्यावर लालासाब शिकलगार असं नाव आलं. पण त्यानंतर त्यांनी चाचांना काम दिलं नाही. भेटले की नमस्कार करायचे, चौकशी करायचे, तेवढंच.

हाफिजा एम.ए. झाली, बी.एड. झाली, शाळेत लागली. कोल्हापुरातच एका बँकेत असलेल्या इलाही जमादारशी तिचं लग्न झालं. बापलेकीचं बोलणं पूर्ववत झालं, पण प्राचीन इतिहासाचा विषय निघाला की चाचा उठून जायचे. एकोणऐंशी साली शिक्षकांच्या सहलीबरोबर ती दिल्लीला गेली आणि तिथल्या संग्रहालयात खरे शिक्के बघून आली. सांगायला लागली तर चाचा म्हणाले, "मला न्हाई ऐकायचं." नजीरानं मला सांगितलं की दोन दिवस ते नीट जेवले नाहीत.

पुढच्या वर्षी त्यांनी आठ दिवस दुकान बंद ठेवलं. मिरजेच्या पलीकडं कधी न गेलेला माणूस एकटाच गाडीत बसून दिल्लीला गेला. परत आले त्या दुपारी हाफिजानं चाचांना आणि नजीराला आपल्या घरी जेवायला बोलावलं होतं, मलाही. चाचा ताटावर बसले आणि बोलतच सुटले.

"बोटाच्या दोन पेरांएवढा हाय गं त्यो! एवढ्यात बैल! आन् गळ्याच्या तिसऱ्या वळीवर त्येची कोरणी घसरलीया. चूक झालीया त्येची. पर गड्यानं काय केलं, त्या घसरलेल्या रेघंची आणखी एक वळी करून टाकली. कुणाला पत्ता लागू दिला न्हाई."

हाफिजाचा हात ताटातच थांबला.

"मी दोन तास उभी होते त्या कपाटापुढं," ती हळू म्हणाली. "मला नाही दिसलं."

"न्हाई दिसायचं," चाचा म्हणाले.

 ती भाताशी नुसता चाळा करत बसली. चाचांनी तिच्याकडं एकदा बघितलं. ते जळणं त्यांच्या ओळखीचं होतं. मग त्यांनी नजीरापुढं ताट सरकवून आणखी एक भाकरी मागून घेतली.