सोळावर लावलेला तवा

माझी नात पुण्याला शिकते आणि सुट्टीत घरी आली की कानात बोंडं घालून बसते. गेल्या दिवाळीत तिनं त्यातलं एक बोंड माझ्या कानात घातलं. आत एक माणूस घशात खडी भरल्यासारखा गुरगुरत होता आणि त्याच्यामागं कुणी दहा-वीस ट्रॅक्टर एकदम सुरू केले होते.

“याला डेथ मेटल म्हणतात, आबा,” ती म्हणाली. मग तिनं मला त्यांची वंशावळच सांगितली. हे अमक्या बँडचं ऐकून शिकले, ते त्याच्या आधीच्या बँडचं, आणि सगळ्यांचे खापरपणजोबा म्हणजे सत्तर सालाच्या सुमाराच्या, ग्रामोफोनच्या तव्यांवरची केसाळ पोरं.

“आणि ते कुणाचं ऐकून शिकले?”

“ते नाही माहीत.”

“माझ्या बाचं,” मी म्हणालो.

ती हसली. हसू द्या. मी सांगतो त्यातलं निम्मं खोटं वाटलं तर उरलेलं निम्मं धरून चाला. तेवढ्यानंही माझं भागतं.

त्या वेळी मी सेनगावच्या एका ब्रास बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचो. ढोल एवढा मोठा की पावसात आत तीन माणसं आणि एक शेळी बसायची. लाल कोट, चकचकीत पितळी वाजे, सगळं होतं. पण गोरेगावला आमच्याहून जुना बँड होता आणि पंचक्रोशीतले सगळे बँड त्याची नक्कल करायचे. त्यांच्या क्लॅरिनेटवाल्याचा पुढचा दात पडला आणि सूर फाटला, तर आठवड्यात आमचे मास्तरही तसाच फाटका सूर काढायला लागले. वरातीत लोक तोंडावर म्हणायचे, “आलं का गोरेगावचं उष्टं?” एकदा हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी ढोलावर हात ठेवून सगळ्यांसमोर बोललो, की या हंगामात आपला स्वतःचा ताल काढीन. नाही निघाला तर ढोल गोरेगावच्या दारात नेऊन ठेवीन आणि रस्त्यावर खडी फोडीन.

ताल काही झाडाला लागत नाही. दोन महिने मी गिरणीचा पट्टा ऐकला, एसटीचं इंजिन ऐकलं, म्हशीचं रवंथसुद्धा ऐकलं. काही हाती लागेना.

मग एका बाजाराच्या दिवशी सेनगावच्या लाऊडस्पीकरवाल्यानं नांदेडहून जुन्या तव्यांचा गठ्ठा आणला. त्यात एक विलायती तवा होता. वरच्या चित्रात चार केसाळ माणसं, कुणी मेल्यासारखी तोंडं करून. त्यानं तवा लावला, तर नुसता कालवा. “कुत्रे भांडून राहिले की काय!” म्हणत त्यानं यंत्राची दांडी ओढली. त्या यंत्रावर वेगाचे चार आकडे होते आणि सगळ्यात खालचा सोळाचा आकडा कशासाठी, हे त्याला जन्मात कळलं नव्हतं. दांडी नेमकी सोळावर गेली.

तवा रेंगाळला. गाणारा माणूस अस्वलासारखा गुरगुरायला लागला आणि ढोल असा पडायला लागला, जसा गाळात रुतलेला हत्ती एकेक पाय उपसतो. धम्म. मग एवढी उसंत, की तेवढ्यात चहा पिऊन व्हावा. पुन्हा धम्म. छपरावरच्या भोंग्यातून हे बाजारभर गेलं. बैलबाजारातले दोन बैल जे खाली बसले, ते दिवस मावळेपर्यंत उठले नाहीत.

माझा बा माझ्याशेजारी उभा होता. तो एकदम ताठ झाला.

“कोण गेलं?” त्यानं विचारलं.

“कुणी न्हाई, बा. तवा आहे.”

“तवा कसला! मयतीचा ताल हाय हा.” आणि मी बघतो तर त्याच्या पायातल्या चपला आपोआप निघाल्या होत्या.

त्याचं कारण सांगितलं पाहिजे. गावात कुणीही मेलं की तिरडीपुढं हलगी वाजवायचं काम आमच्या घराकडं होतं. अनवाणी वाजवायचं. कोतवालानं वेशीवरून हाक मारली की तोंडातला घास टाकून पळायचं, अंगात ताप असला तरी. मी सहा वर्षांचा असताना आमच्या सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली आणि त्याच संध्याकाळी बानं हलगी चुलीत घातली. त्या चुलीवरच्या पिठल्याला पुढं महिनाभर कातड्याचा वास होता. तेव्हापासून बानं साधं ताटसुद्धा बोटांनी वाजवलं नव्हतं.

त्या दिवशी मात्र घरी येऊन तो रॉकेलच्या रिकाम्या डब्याशी बसला आणि बोटं आपली आपण चालायला लागली. धम्म. उसंत. धम्म. आणि मधल्या उसंतीत नखांनी एक बारीक थरथर, जी विलायती तव्यावर नव्हती. मी दाराआडून सगळी उचलली. बानं मला पाहिलं आणि डब्यावर पालथा हात ठेवला.

“इसरून जा हे.”

“काहून?”

“मी हलगी जाळली ती काय कातड्यावर राग म्हणून? हाक आली की पळायचं, ते जाळलं. तू हे वाजवशील आन् ती हाक परत येईल. माझ्या नावानं न्हाई, तुझ्या नावानं.”

मी व्हय म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांना ताल शिकवला.

वाजवायची संधी आली ती आमच्याच गावात, पाटलांच्या नातवाच्या वरातीत. पितळी वाजे खालच्या सुरात, माझा ढोल सोळाच्या चालीनं. जमिनीतून आवाज आल्यासारखं वाटलं. मी खूश! पण वरात कधी वळली ते मला कळलंच नाही. गावाच्या पायांना तो ताल पिढ्यान् पिढ्या पाठ. पाय आपोआप नदीकडच्या वाटेला लागले. पुरुषांनी टोप्या काढल्या. एका म्हातारीनं गळा काढला. चौघांनी नवरदेवाच्या घोड्याला खांदे लावले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. स्मशानाचं लिंबाचं झाड समोर दिसलं तेव्हा घोडाच शहाणा, तो थांबला.

काठ्या निघाल्या. तेवढ्यात नव्वदीचे थोरले पाटील बैलगाडीतून ओरडले, “अरे, मला न्यायला अजून टाइम हाय!” आणि पोट धरून हसले. “माझ्या बाला याच तालावर नेलं होतं. पोरा, मला नेशील तव्हा हेच वाजव.”

त्यांच्या हसण्यानं आमची हाडं वाचली. पण बानं माझ्याशी बोलणं सोडलं.

पुढच्या उन्हाळ्यात थोरले पाटील गेले. सकाळी कोतवाल आमच्या वस्तीच्या तोंडाशी उभा राहिला, आत आला नाही, आणि तिथूनच त्यानं हाक मारली, “चल रे, पाटलांकडं! ढोल घे! म्हाताऱ्याची इच्छा हाय!”

सोळा वर्षांनी ती हाक आली होती, आणि ती आणली होती मी. बानं माझ्याकडं पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा.

मी उंबऱ्यावर जाऊन बसलो. “काका,” मी कोतवालाला म्हणालो, “बँड पायजे असंल तर धाकल्या पाटलांना घरी येऊन सांगा म्हणावं. लग्नाच्या बँडला सांगायला येतेत तसं.”

“येडा झालास का? तिकडं मयत पडलंय!”

“मग लवकर यायला सांगा.”

कोतवाल गेला. आला. पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला तो नुसत्याच धमक्या घेऊन आला. गावात राहायचंय का, पाणवठ्यावर यायचंय का, असलं सगळं. मायनं दार लावून घ्यायला सांगितलं. मी दार उघडंच ठेवलं आणि लाल कोट अंगात घालून बटणं लावत बसलो. ऊन एवढं चढलं की ढोलाचं कातडं आपोआप वाजायला लागलं. मयत तिकडं, आम्ही इकडं. मी ठरवलं होतं, कोट घालून इथंच म्हातारा होईन, पण हाकेवर उठणार नाही.

दुपार टळता धाकले पाटील आले. एकटे, चालत. बापाचा शब्द त्यांच्याही मानेवर बसला होता. दारात येऊन थबकले.

“तुमी... येता का?” ते बाला म्हणाले. ‘अरे’चं ‘तुमी’ करताना त्यांना घाम फुटला, आणि तो उन्हाचा नव्हता.

“बसा,” बा म्हणाला.

ते बाजेवर बसले. मायनं आडोशानं चहाचं विचारलं.

“सुतक हाय,” पाटील म्हणाले. “चहा कसा घेऊ?”

खरंच होतं ते. बानं मान हलवली. मग उठला, आमच्या रांजणातला तांब्या भरला आणि त्यांच्यापुढं धरला.

“पाणी तर चालतं,” तो म्हणाला.

तव्यावरच्या दोन ठोक्यांमध्ये होती, त्याहून मोठी उसंत पडली. वस्तीतल्या कोंबड्यासुद्धा टोचायच्या थांबल्या. मी शेवटचं बटण तसंच चिमटीत धरून बसलो होतो.

पाटलांनी तांब्या घेतला. वरून नाही ओतलं. तोंड लावून प्यायले. सगळं प्यायले, आणि रिकामा तांब्या बाच्या हातात परत दिला.

तो दिवस ज्यानं ऐकला तो अजून सांगतो, की जवळा बाजारापर्यंत पत्रे थरथरले. मी म्हणतो हिंगोलीपर्यंत. गोरेगावचा मास्तर मयतीला आला होता. महिन्याभरात त्यांच्या बँडनं आमची नक्कल सुरू केली, पण नखांची थरथर त्यांना कधी जमली नाही. ते सगळं नंतरचं. निघताना बानं पायात नव्या वहाणा घातल्या, कशीदा काढलेल्या, करकर वाजणाऱ्या. तिरडीपुढं एकटा नाही, माझ्या शेजारून चालायला लागला. मी जोरात सुरू करायला टिपरू उचललं, तर त्यानं माझं मनगट धरलं.

“घाई कशाला?” तो म्हणाला. “सोळावर लाव.”