टाळ्या तिला, मतं दामोदरला

कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण आमच्या घरात गेल्या उन्हाळ्यात इतक्यांदा म्हटली गेली की आमच्या लेकीला, संहितालाही ती पाठ झाली. इथे नेदरलँड्समध्ये, कापेल आन डेन आयसेल गावात जन्मलेली मुलगी, मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी, पण ही म्हण मात्र ठसक्यात मराठीत म्हणायची. शिकवली तिच्या बाबाने. आणि कानामागून आली ती स्वानंदी.

बाबा म्हणजे दामोदर, माझा नवरा. रोटरडॅमला एका कंपनीत बँकांची सॉफ्टवेअरं सांभाळतो. पण ते त्याचं पोटापाण्याचं काम. खरं काम म्हणजे आमचं मास नदीकाठचं मासतीर मराठी मंडळ, ज्याचा तो वर्षानुवर्षं उपाध्यक्ष होता. हॉल ठरवणं, गेमेंटेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, परवानगी आणणं, ढोलाच्या आवाजाबद्दल शेजाऱ्यांची समजूत काढणं, सगळं ह्याच्या गळ्यात. अध्यक्षांनी फक्त नारळ फोडायचा. आमच्या मंडळात अध्यक्ष निवडत नाहीत, पिकू देतात. जुना अध्यक्ष कंटाळला किंवा पुण्याला परत गेला की उपाध्यक्ष आपोआप त्या खुर्चीत. मार्चमध्ये अध्यक्ष खरोखरच पुण्याला परत गेले आणि दामोदरने रेशमी कुर्ता शिवायला टाकला.

कुर्ता शिवून आला त्याच आठवड्यात स्वानंदीने ग्रुपवर लिहिलं की ती अध्यक्षपदासाठी उभी राहते आहे.

ही मूळची सांगलीची. वाखनिंगनच्या शेतकी विद्यापीठात कांद्याच्या बियाण्यावर संशोधन करते. आधी विद्यार्थिनी होती, दोन वर्षांपूर्वी नोकरी लागली आणि पूर्ण वर्गणी भरून सभासद झाली. घडीची सायकल घेऊन ट्रेनने येते, केस कसेही बांधते आणि समोरचा काय म्हणतो ते नीट ऐकून घेते. ह्या शेवटच्या गोष्टीचा मला फार राग यायचा. मंडळात माझी ओळख 'दामोदरची सुनेत्रा'. तिला नुसतं स्वानंदी म्हटलं की पुरायचं. संहिता तर तिच्या मागे मागे फिरायची. "आई, शी इज सो नाइस," म्हणायची. मीही नाइसच आहे, पण मला भाज्या चिरायच्या असतात.

तिचं म्हणणं साधं होतं. वर्गणी सगळ्यांना सारखी नको. मोठा पगार असलेल्यांनी जास्त भरावी, विद्यार्थ्यांना माफ करावी. भरघोस देणगी देणाऱ्या 'हितचिंतक' सभासदांसाठी पुढच्या दोन रांगा राखायच्या आणि आरतीचं ताट आधी त्यांच्याच हातात द्यायचं, हे बंद करावं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मुदपाकखाना. आमच्याकडे ज्या विद्यार्थ्यांना महाप्रसादाचं तिकीट परवडत नाही ते 'स्वयंसेवक' होतात. वाढतात, भांडी घासतात आणि सगळ्यांचं झालं की जेवतात. त्यांना मतही नसतं. स्वानंदी म्हणाली, भांडी सगळ्यांनी पाळीपाळीने घासायची आणि जेवायला सगळ्यांनी एकत्र बसायचं.

दामोदरच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका.

"फुकट? का म्हणून फुकट?" तो जेवताना ताटाला सांगायचा. "थोडे कष्ट केले तर झिजतात का ही पोरं? आयतं कशाला हवं सगळं?"

"अरे, घर मिळत नाही त्यांना. एकेका खोलीत चार चार जण राहतात."

"मग? आम्हाला काय राजवाडा मिळाला होता?"

हाही शिकायलाच इथे आला होता, डेल्फ्टला. पण ते दिवस तो फार थोडक्यात आटपायचा. "पहिल्याच गणपतीला मला कमिटीत घेतलं," एवढं वाक्य. लग्न झाल्यापासून मी ते ऐकत आले. आणि कमिटीतला माणूस असूनही तो कार्यक्रमाच्या दिवशी मुदपाकखान्यात पाऊल टाकत नसे. पहिल्या पंगतीत बसायचा मात्र त्याचा हट्ट. ताप असला तरी पहिली पंगत. मला वाटायचं, मानाचा भुकेला आहे, चालायचंच.

तो जळायचा, आणि तो दिवसभर तिच्यावर जळतो म्हणून मी जळायचे. सकाळी चहाला स्वानंदी, रात्री भांडी मशीनमध्ये लावताना स्वानंदी. मी नवी साडी नेसले तर त्याला दिसत नव्हती, तिने ग्रुपवर अंगठा टाकला की लगेच दिसायचा. एवढं लक्ष ह्याने माझ्याकडे शेवटचं कधी दिलं होतं, आठवून पाहा म्हटलं तर मला आठवेना.

त्यात मला तिचं पटत होतं, हे आणखी वाईट. आम्ही एका पगारावर होतो तेव्हा महाप्रसादाचं तिकीट काढायला मीही दोनदा विचार करायचे. मैत्रिणींशी बोलले तर त्यांचंही तेच. ॲमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागातली मृणालिनी, जिच्या नवऱ्याची देणगी दरवर्षी सगळ्यांत मोठी, ती फोनवर म्हणाली, "गुणाची पोर आहे गं. बोलते ते खरंच आहे. पण आपण एवढे पैसे भरतो ते काय मागे बसायला?" सगळे असंच बोलत होते. मुलगी चांगली, विचार चांगले, पण. त्या 'पण'वर दामोदरची सगळी आशा होती.

मतदान गणपतीच्या दिवशीच झालं, आरतीनंतर आणि जेवणाआधी. आमच्यापासून जवळच भाड्याने घेतलेला हॉल, मागे मसालेभाताचा वास, पुढे हितचिंतकांच्या दोन रांगा. दामोदर आधी बोलला. कुर्ता छान दिसत होता. त्याने आपण काय काय केलं ते सांगितलं, सगळं खरं होतं आणि लांबलं. मग स्वानंदी बोलली. मुदपाकखान्याच्या दाराशी हात पुसत उभ्या असलेल्या पोरांकडे बघून ती म्हणाली, "हे आपल्या घरचे पाहुणे आहेत. आपण पाहुण्यांना शेवटी वाढत नाही." एवढंच म्हणून खाली बसली. टाळ्या थांबेनात. मृणालिनीने डोळे पुसले. मीही टाळ्या वाजवल्या, मान खाली घालून.

मग हात वर करायची वेळ आली. चिठ्ठ्यांची आमच्याकडे सवय नाही, इतकी वर्षं लागल्याच नव्हत्या. स्वानंदीसाठी इकडे तिकडे हात वर झाले. दामोदरसाठी झाले तेव्हा पुढच्या दोन्ही रांगा वर झाल्या आणि मागच्याही बऱ्याच. ज्यांनी डोळे पुसले होते त्यांचेही झाले. माझाही झाला. नवऱ्यासाठी म्हणा, पण खरं तर तिच्याविरुद्ध.

दामोदर अध्यक्ष झाला. गुलदस्ता, शाल, नारळ. टाळ्या झाल्या, नाही असं नाही. पण मघाशी झाल्या तशा नाहीत. ते मला कळलं तसं त्यालाही कळलं. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. तो टाळ्या मोजत होता आणि त्या कमी भरत होत्या.

पहिल्या पंगतीत त्याचं पान मधोमध मांडलं होतं. मोदक वाढला, त्यावर तूप पडलं. त्याने हात लावला नाही. इकडे तिकडे बघत म्हणाला, "ती कुठाय?"

"कोण?" मी विचारलं, जसं काही मला माहीत नव्हतं.

वाढणारा मुलगा म्हणाला, "स्वानंदीताई आत आहे. भांडी घासतेय."

दामोदर उठला. अन्नाला पाठ दाखवून कधी न उठणारा माणूस सरळ मुदपाकखान्यात गेला. तेवढ्यात फोटो काढायला अध्यक्षांची शोधाशोध सुरू झाली, म्हणून मी त्याचा गुलदस्ता घेऊन मागोमाग गेले.

स्वानंदी मसालेभाताच्या मोठ्या पातेल्यात कोपरापर्यंत हात घालून तळ खरवडत होती. शेजारी दोन-तीन विद्यार्थी ताटं विसळत होते. दामोदर तिच्या मागे उभा होता. आता हा तिला काही तरी लागट बोलणार, असं मला वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, मला ते ऐकायचं होतं.

तो म्हणाला, "चमच्याने खरवडू नकोस. गरम पाणी घालून ठेव, आपोआप सुटतं."

तिने वळून पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत, दादा?"

"ह्या पातेल्याच्या कडेला पोचा आहे बघ. माझ्या हातून पडलं होतं ते." कुर्त्याच्या बाह्या वर सारत तो बोलत होता. "दोन गणपती मी हेच केलं. तिकिटाला पैसे नव्हते. सगळ्यांचं झालं की भात राहायचा, तो इथे उभ्या उभ्या खायचा. मोदक कधी उरलाच नाही."

तिने पातेल्यात गरम पाणी सोडलं. नळ चालू होता.

"मी आलो तेव्हा कुठे होतीस तू?" त्याने विचारलं. रागाने नाही. पण त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

स्वानंदीने खरंच आठवून पाहिलं. "सातवीत होते, दादा. सांगलीला."

दामोदर हसला. इतका हसला की त्याला ओट्याचा आधार घ्यावा लागला, आणि हसता हसता त्याने शालीच्या टोकाने डोळे पुसले. तिने दुसरी घासणी त्याच्यापुढे सरकवली. त्याने ती घेतली. दोघं शेजारी शेजारी वाकली.

मी दारात, हातात गुलदस्ता. चौदा वर्षांचा संसार. त्याचा पगार, त्याचं कोलेस्टेरॉल, त्याच्या आईचे टोमणे, सगळं मला माहीत. आणि हे? हे त्याने तिला सांगितलं. मला 'पहिल्याच गणपतीला कमिटीत घेतलं' आणि तिला हे. 

मी गुलदस्ता फ्रीजवर टाकला आणि पदर खोचला.

"स्वानंदी, तू ऊठ," मी म्हणाले. "बाहेर त्याचं पान वाढलेलं आहे, मोदक गार होतोय. तू बस जा तिथे. आणि ह्या पोरांनाही घेऊन जा, सगळ्यांना."

"पण पहिली पंगत—"

"जा म्हटलं ना."

ती गेली. तिच्यामागून पोरं गेली, लाजत, हात पँटला पुसत. बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले. मृणालिनी स्वतः पान सोडून उठली आणि वाढायला लागली, असं मला मागाहून कळलं. सुनेत्राने केवढं मोठं मन दाखवलं, असं लोक अजून म्हणतात. मन कसलं डोंबलाचं. मला तिच्या जागी, त्याच्या शेजारी उभं राहायचं होतं.